पाते जमिनीपासून एक इंच वर

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराच्या दक्षिणेला राहणाऱ्यांना बर्फाची तयारी ऑक्टोबरातच उरकावी लागते, कारण ईरी सरोवराचे पाणी अजून उबदार असताना त्यावरून गार वारे सुटले, की वाटेत उचललेली वाफ किनाऱ्यावर बर्फ होऊन उतरते. नोव्हेंबर 2022 मध्ये इथल्याच ऑर्चर्ड पार्क या गावी एकाच वादळात सुमारे 80 इंच बर्फ पडला. तेवढ्यापुढे घरगुती यंत्र हतबलच ठरते. मात्र एरवीचा सहा-आठ इंचांचा बर्फ गवत कापण्याच्या ट्रॅक्टरला पुढे पाते जोडून उत्तम काढता येतो.

या अवजाराला इथे प्लाऊ, म्हणजे नांगर, म्हणत असले तरी त्याचे काम वखराच्या जवळचे आहे. नांगराचा फाळ जमिनीत घुसतो, वखराची पास वरचा थर खरवडत जाते, आणि ती किती खोल लागते यावरच कामाचा दर्जा ठरतो. आमचा ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतची गाडीवाट, खडीचा आहे. पहिल्या हिवाळ्यात मी पाते थेट जमिनीला टेकवून चालवले, तेव्हा बर्फाबरोबर खडीही हिरवळीवर लोटली गेली, आणि एप्रिलमध्ये ती दाताळ्याने ओढून परत आणण्यात दोन शनिवार-रविवार गेले.

उपाय पात्यामागेच होता. दोन्ही टोकांना बशीसारखे लोखंडी तळवे असतात, त्यांना स्किड शू म्हणतात. आता मी गॅरेजच्या सपाट फरशीवर एक इंच जाडीच्या दोन फळ्या ठेवून त्यांवर पाते टेकवतो, तळव्यांच्या पिना काढून ते फरशीला लागू देतो आणि मधली जागा वॉशरांनी भरून पिना परत बसवतो. दोन्ही बाजूंचे वॉशर मोजून सारखे ठेवावेत, नाहीतर पाते एका अंगाने खडी खाते. पहिला बर्फ मुद्दाम पूर्ण काढू नये. तो चाकांखाली दबून गोठला, की खडीवर टणक थर तयार होतो आणि पुढचा सारा हिवाळा पाते त्याच्यावरून फिरते.

पात्याची रुंदी विकत घेण्याआधीच ठरवावी लागते. बर्फ बाजूला सारण्यासाठी पाते साधारण 30 अंशांत तिरके करतात, आणि तिरके केले की 48 इंचांचे पाते जेमतेम साडेएक्केचाळीस इंचांची वाट काढते. माझ्या ट्रॅक्टरची मागची चाके बाहेरून 40 इंच भरतात, म्हणून ते पुरते. 42 इंचांचे स्वस्त पाते घेतले असते, तर वाट 36 इंचांची झाली असती आणि न काढलेला बर्फ चाकांनी तुडवला असता.

पात्याच्या पाठीशी असलेल्या स्प्रिंगा दगड लागला तर पात्याला पुढे झुकू देतात. त्या फार आवळल्या तर धक्का थेट ट्रॅक्टरच्या सांगाड्याला बसतो, सैल राहिल्या तर ओल्या, जड बर्फातही पाते झुकून त्यावरून घसरते.

शेतात ढेकळे फोडताना फळीवर माणूस उभा राहतो, तसे इथेही वजनाशिवाय भागत नाही. मी सीटमागे 60 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 27 किलोंच्या, वाळूच्या दोन पिशव्या बांधतो आणि मागच्या चाकांना साखळ्या घालतो. टायरमधली थोडी हवा सोडून साखळी चढवावी, मग हवा भरावी, चार पावले ट्रॅक्टर चालवून ती पुन्हा ताणावी.

जमीन गोठण्याआधी ड्राइव्हवेच्या कडेने चकाकणाऱ्या काठ्या रोवल्या, की राहतो तो रस्त्याकडचा भाग. घराकडून रस्त्याकडे तोंड केले तर नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ लोटणारा ट्रक, डावीकडून येतो. म्हणून आपला बर्फ उजवीकडे टाकावा आणि डाव्या हाताला रस्त्याच्या कडेने आठ-दहा फुटांचा खळगा मोकळा करून ठेवावा. प्लाऊने आणलेला बराचसा बर्फ तिथेच रिकामा होतो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी छोटासाच बांध राहतो.