दगडावरचे ‘ऊर्फ’

गेल्या महिन्यात शेजारच्या आजींबरोबर आयर्लंडमधल्या वेक्सफर्ड काउंटीतील एका पडक्या चर्चच्या आवारात उभी असताना मी एक शब्द वाचला आणि तेव्हापासून तो मनातून जात नाही. पाटीसारख्या काळसर दगडावर अठराव्या शतकातील एका शेतकऱ्याचे नाव होते, त्याखाली त्याच्या पत्नीचे नाव होते आणि त्यापुढे ‘एलियस’, म्हणजे आपला ‘ऊर्फ’, असे कोरून तिचे माहेरचे आडनाव दिले होते. ८४ वर्षांच्या आजी ते आडनाव गेली कित्येक वर्षे शोधत होत्या.

इथे घराण्याचा शोध घेणारे लोक स्मशानात का जातात, हे मला आधी उमगले नव्हते. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या संकुलातील सार्वजनिक दप्तरखाना स्फोटात आणि आगीत नष्ट झाला आणि त्यात १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक कागद जळाले. त्यापुढच्या चार जनगणनांचे कागद तर सरकारी आदेशानेच नष्ट झाले होते. त्यामुळे संपूर्ण उपलब्ध असलेली पहिली जनगणना १९०१ ची आहे. सर्वांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. त्यामागे जायचे तर चर्चच्या वह्या, जमीन-आकारणीच्या याद्या आणि हे दगड एवढाच आधार उरतो.

दगड वाचण्याचीही एक रीत आहे. जुने दगड पुष्कळदा पूर्वेकडे तोंड करून असतात, त्यामुळे दुपारी बाराच्या सुमारास ऊन त्यांच्या पृष्ठभागाला घासून जाते आणि सकाळी कोऱ्या वाटलेल्या जागी अक्षरांच्या कडा सावलीने उठून दिसतात. आभाळ भरलेले असेल तर बाजूने विजेरीचा झोत टाकायचा. तारेचा ब्रश किंवा खडू लावायचा नाही, कारण शेवाळ्याबरोबर अक्षरही निघून जाते. मजकुराची सुरुवात बहुधा दगड कोणी उभारला यापासून होते, त्यामागून त्याच्या ‘टाउनलँड’चे नाव येते. टाउनलँड म्हणजे आपल्याकडच्या वाडीएवढा भूभाग. अशी साठ हजारांहून अधिक नावे या लहानशा बेटावर आहेत. एकाच आडनावाची शेकडो कुटुंबे असलेल्या भागात माणूस नेमका कोणता, हे वाडीच्या नावावरूनच ठरते. मात्र दगड कधीकधी मृत्यूनंतर तीस-चाळीस वर्षांनी, अमेरिकेत गेलेल्या मुलाने पैसे पाठवल्यावर उभा राहिलेला असतो, त्यामुळे त्यावरचे वय सावधपणेच घ्यावे लागते.

आता त्या ‘ऊर्फ’विषयी. ग्रामीण आयर्लंडमध्ये लग्नानंतरही स्त्रीला माहेरच्या आडनावाने ओळखण्याची जुनी चाल होती आणि दगड कोरणाऱ्याने तीच पाळली. त्या एका शब्दामुळे आजींना आईकडच्या सात पिढ्यांपूर्वीच्या घराचा माग लागला. सहा मैलांवरच्या दुसऱ्या आवारात तेच आडनाव आणि तीच वाडी सापडली, तेव्हा आजी त्या दगडाला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मला त्यांच्या आनंदात आनंद होता आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचत होते, कारण माझ्या स्वतःच्या पणजीचे माहेरचे नाव मला ठाऊक नव्हते. लग्नात तांदळात लिहून बदललेले नाव तेवढे आमच्याकडे उरले आहे.

कोणी म्हणेल की आपण मृतांना अग्नी देतो, अस्थी गोदावरीत सोडतो, तेव्हा दगड कुठून असणार. हे खरेच आहे आणि आपली स्मृती कमी दर्जाची आहे असे मी मुळीच मानत नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत, अनेक घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत आणि श्राद्धात बापाकडच्या तीन पिढ्यांबरोबर आईच्या वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे नावही घेतले जाते, जे या देशात कोणी करत असल्याचे मी पाहिलेले नाही. इथेही दगड सर्वांच्या वाट्याला आला नाही. १८४५ नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्यांतल्या हजारोंना सामुदायिक खड्ड्यांत पुरले. स्किबरीन गावाजवळच्या ॲबीस्ट्रूरी दफनभूमीत गवताचा एक विस्तीर्ण चौथरा आहे, त्याखालच्या हजारोंपैकी कोणाच्याही नावाचा स्वतंत्र दगड नाही. तरीही पणजीचा प्रश्न सुटत नव्हता, कारण श्राद्धातही तिचे सासरचेच नाव घेतले जाते.

रविवारी आईला फोन करून विचारले. ती म्हणाली, “अगं, ती राजापूरकडची, एवढंच मला माहीत.” मग थोडे थांबून म्हणाली, “माळ्यावर तिच्या लग्नातला तांब्याचा हंडा आहे. माहेरून आलेला. त्याच्या काठाखाली काहीतरी नाव घातलेलं आहे.” भांड्यावर देणाऱ्याचे नाव कोरून घेण्याची आपली पद्धत मी अगदी विसरूनच गेले होते. दुसऱ्या दिवशी तिने हंडा खाली काढायला लावला. दर दिवाळीला चिंच लावून घासल्यामुळे अक्षरे पुसट झाली आहेत आणि पहिले अक्षर ‘स’ आहे की ‘म’ हे कळत नाही, असे ती सांगत होती. आता स्वच्छ घासून पुन्हा बघते, म्हणाली. मी घाईघाईने तिला थांबवले. घासू नकोस, दुपारी खिडकीपाशी नेऊन आडवा धर आणि ऊन बाजूने येऊ दे, असे सांगितले आणि फोन हातात घेऊन बसले.