बोलून चालणारं उधारीचं ॲप: कोळणींना बोलवायचं कधी?

मासळी बाजारासाठी मराठीत बोलून चालणारं उधारीचं ॲप करायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी आधी ॲप तयार होतं आणि मग मुंबईत सिटीलाइटच्या मासळी बाजारात जाऊन विचारतात, "कसं वाटलं, मावशी?" मावशी म्हणतात, "बरं हाय." पाहुण्याचं मन राखायला दिलेलं उत्तर ते! आणि एखादीने "आम्हाला नकोच हे" असं तोंडावर सांगितलं, तरी तोवर पैसे खर्च झालेले असतात.

बोलवायचं ते ॲप करण्याआधीच. स्कँडिनेव्हियात १९८१ मध्ये सुरू झालेल्या युटोपिया प्रकल्पात छपाई कामगारांच्या संघटना पहिल्यापासून होत्या. यंत्रं हाती यायच्या आधी पुठ्ठ्याचे नमुने मांडून त्यांनी काम करून पाहिलं. लेझर प्रिंटर म्हणजे नुसतं खोकं होतं. बाजारात तेवढाही खटाटोप नको. मोबाइलच्या आकाराचे कागद, जाड पेन आणि सहा-आठ जणी पुरतात. फक्त त्या एकसारख्या नसाव्यात: गाळ्याची मालकीण, हाताखालची मुलगी, साध्या फोनवाली, हिंदी मिसळून बोलणारी. कोळणींच्या संघटनेच्या पुढाऱ्याने निवडून दिलेल्या चारजणी नेमक्या सफाईदार बोलणाऱ्या निघतात. वेळ सोमवारी किंवा गुरुवारी दुपारची, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हाची. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत गेलात तर बाजाराचं खरं रूप दिसणारच नाही. वेळेचे पैसे त्याच दिवशी हातात द्यायचे.

मत विचारू नका, काम सांगा: "हॉटेलवाल्याकडे पापलेटचे पावणेतीनशे राहिले, लिहून ठेवा." मग गप्प बसा. ती कुठे अडली, काय बोलली, ते टिपा आणि तिथल्या तिथे कागद बदला.

पुढच्या फेरीत एआयच्या जागी माणूस बसवा. तो हेडफोन लावून ऐकतो आणि लॅपटॉपवरून उत्तर पाठवतो. तो ऐकतोय हे आधीच सांगायचं, लपवाछपवी कशाला? त्याने अधूनमधून मुद्दाम चुकीची रक्कम नोंदवायची. चूक लक्षात येते का, दुरुस्त करायला काय करतात, हे पाहण्यासाठीच ही फेरी असते. ओल्या बोटांना टचस्क्रीन नीट दाद देत नाही, त्यामुळे "चुकलं" एवढं म्हटल्यावर नोंद मागे घेता आली पाहिजे. रक्कम मोठ्याने वाचून खात्री करणं सोयीचं वाटतं खरं, पण समोर दुसरं गिऱ्हाईक उभं असताना हॉटेलवाल्याची बाकी साऱ्या बाजाराने का ऐकावी? तिथे रक्कम पडद्यावर मोठ्या अंकांत दिसावी.

खरा घोळ आकड्यांचा. सव्वादोनशे, अडीचशे, पावणेतीनशे, साडेतीनशे असंच बाजार बोलतो. "पावणे" ऐकू आलं नाही की २७५ चे ३०० होतात. गोंगाटात "साठ"चं "सात" होतं. शब्दचुकांच्या सरासरीत ही एकच चूक, पण भांडण याच चुकीवरून होणार. म्हणून रकमांच्या चुका वेगळ्या मोजा, आणि त्याही प्रत्येक गटाच्या वेगळ्या. चाचणीतले आवाज एआयच्या प्रशिक्षणात अजिबात नसलेल्या बायकांचे हवेत, नाहीतर अचूकतेचे आकडे फुगतात. रेकॉर्डिंग बंद खोलीत नको; बर्फ फोडण्याचा आवाज, घासाघीस, सगळं त्यात यायला हवं. नोंद अंकांत कशी लिहायची, "वाटा" (ढिगाने विकलेली मासळी) कुठल्या रकान्यात टाकायचा, हे नियम त्याच बायकांसोबत बसून ठरवा. एखादी सूचना घेतली नाही तर का नाही, हे पुढच्या भेटीत तोंडाने सांगा.

आवाज वापरण्याच्या संमतीचंही तसंच, तोंडाने सांगायचं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क आहे. पण एकदा मॉडेल शिकलं की त्यातून एकीचाच आवाज वेगळा काढणं जवळपास अशक्य. ते रेकॉर्डिंगच्या आधी सांगा आणि प्रत्येकीचे आवाज वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे "माझं काढून टाका" असा फोन आला की निदान पुढच्या प्रशिक्षणातून ते वगळता येतील.