कूलर गारवा बनवत नाही भाऊ

३० मे २०२४ आठवते का? नागपूरच्या रामदासपेठेतल्या ऑटोमॅटिक वेदर स्टेशनने ५६ डिग्री दाखवलं आणि बघता बघता तो आकडा सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरला, पुण्याच्या आत्याचा फोन, मुंबईच्या मामाचा फोन, जिवंत आहात ना रे. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडलाय. नागपूरचा रेकॉर्ड ४७.९ चा, २३ मे २०१३ चा. पण आपल्या पब्लिकला ते पटेल तर शपथ. "अबे मी गाडीवर होतो ना, छप्पन्नच होते, हे लोक दाबून राहिले."

आता मे महिन्यात भर दुपारी सीताबर्डीच्या सिग्नलवर उभं राहिलं की कोणताही आकडा खरा वाटतो हे मान्य. पण थर्मामीटर बिचारा एकच गोष्ट सांगू शकतो, स्वतःचं तापमान. त्याला उन्हात ठेवला तर तो ऊन खाऊन तापतो आणि मग तो हवेचं काही सांगत नाही, आपण किती तापलो तेवढं सांगतो. म्हणून वेधशाळेत तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात, सावलीत, जमिनीपासून उंच, वारा आरपार जाईल असा. हवा आणि थर्मामीटर यांच्यातली देवाणघेवाण थांबली, दोघं बरोबरीला आले, की त्याचा आकडा तोच हवेचा आकडा. ही इतकी साधी गोष्ट आहे की थर्मोडायनॅमिक्सवाल्यांना (उष्णता आणि काम यांचा हिशोब करणारं शास्त्र) तिचा नियम करायचं सुचलंच उशिरा, तोपर्यंत पहिला, दुसरा असे नंबर वाटून झाले होते, मग हिला शून्यावा नियम म्हणून सगळ्यांच्या पुढे आणून बसवलं. तर कारच्या डॅशबोर्डवर ५१ दिसलं म्हणून फोटो टाकणाऱ्यांनो, तो तुमच्या तापलेल्या गाडीचा आणि खालच्या डांबराचा आकडा आहे, नागपूरचा नाही.

आणखी एक, "काल बावीस होतं, आज चव्वेचाळीस, डायरेक्ट दुप्पट गरमी" हे जे पेपरछाप वाक्य असतं ना, त्यालाही काही अर्थ नाही. सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाणी गोठतं ती जागा, उष्णता संपली ती जागा नव्हे. खरं शून्य उणे २७३.१५ वर आहे, तिथून मोजलं तर २२ म्हणजे २९५ आणि ४४ म्हणजे ३१७, फरक साडेसात टक्क्यांचा. साडेसात टक्क्यांत आपला जीव जातो, हे वेगळं. (आणि गंमत म्हणजे १७४२ साली खुद्द सेल्सिअसने मोजपट्टी उलटी केली होती, पाणी उकळायचं शून्यावर आणि गोठायचं शंभरावर. ती तशीच राहिली असती तर आपल्याकडे ४५ ऐवजी ५५ लिहिलं असतं आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते तापणारे नऊ दिवस, जितका कडक तितका आकडा खाली गेला असता.)

आता मुद्द्यावर येतो. तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी, शाळेत ही व्याख्या सगळ्यांनी पाठ केली, पण ती कळते गच्चीवरच्या टाकीमुळे. हजार लिटरची काळी टाकी, सकाळी पाणी २८ डिग्री, संध्याकाळी ४५. म्हणजे १७ डिग्री वाढ. एक किलो पाणी एक डिग्रीने तापवायला ४.१८ किलोजूल लागतात, तर हजार किलोला १७ डिग्रीसाठी ७१ हजार किलोजूल. हे वीजबिलाच्या भाषेत सांगायचं तर जवळपास २० युनिट! तेच गिझरने तापवलं असतं तर आईने घर डोक्यावर घेतलं असतं, सूर्य फुकटात करतो तर आपण शिव्या देतो. तोच ४५ डिग्रीचा एक चमचा पाणी घ्या, तापमान तितकंच, उष्णता मात्र नगण्य, हातावर ओतलं तर काही होत नाही. तापमान म्हणजे कण सरासरी किती जोरात हलून राहिले ते, आणि उष्णता म्हणजे गरम जागेकडून थंड जागेकडे चाललेली ऊर्जा. रात्री अकराला नळाचं पाणी चटका देते आणि स्लॅबखाली झोपवत नाही ते याच हिशोबामुळे, दिवसभर जे आत गेलं ते परत बाहेर यायला रात्र पुरत नाही.

हे सगळं जरा जास्त अंगाला लागते ते पंख्यामुळे. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३३ ते ३५. हवा ३० असेल तर पंखा अंगावरची उष्णता घेऊन जातो. हवा ४५ असेल तर तोच पंखा उष्णता अंगात भरतो, म्हणून पोरी गाडीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून डोळे तेवढे उघडे ठेवतात, बाहेरून आलेल्या माणसाला वाटते हे काय, इतक्या गरमीत इतके कपडे? अहो म्हणूनच. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असली की कपडा काढायचा नसतो, घालायचा असतो. स्टीलचा ग्लास हिवाळ्यात गार लागतो आणि मे महिन्यात सावलीतल्या टेबलावर ठेवलेला असला तरी गरम लागतो, बाजूचं लाकूड दोन्ही वेळेला त्याच तापमानाचं असून तसं लागत नाही, कारण स्टील उष्णता झपाझप इकडची तिकडे करते, लाकूड आळशी.

मग अंगातली उष्णता बाहेर काढायचा एकच रस्ता उरतो, घाम. आणि आपल्या कोरड्या हवेत घाम येतो तो दिसतच नाही, आला की उडाला, माणसाला वाटते मला तर घामच नाही आला, पाणी कशाला प्यायचं, आणि तिथंच ऊन लागते. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण पन्हं प्या राजेहो.

आणि आता कूलर. आपला लोखंडी, तीन बाजूंनी ताट्यांचा (पाणी झिरपत राहणाऱ्या गवताच्या जाळ्या), खिडकीला लावलेला, पुण्या-मुंबईच्या लोकांना ज्याचं अप्रूप नाही आणि ज्याच्याशिवाय आपला उन्हाळा होत नाही तो कूलर. लोकांना वाटते पाणी गार असते म्हणून हवा गार होते. काही लोक टाकीत बर्फ टाकतात. बर्फ टाकून फार काही होत नाही, एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोजूल खातो, आणि एक किलो पाणी नुसतं उडून जाताना साधारण २,४०० किलोजूल खाते, सात पट! काम पाण्याच्या गारपणाचं नाही, पाण्याच्या उडून जाण्याचं आहे. ताट्यांवरून पाणी ओघळते, पंखा बाहेरची कोरडी भणभणीत हवा त्यातून ओढतो, पाण्याची वाफ होते, वाफ व्हायला जी उष्णता लागते ती हवेतून जाते, हवेचं तापमान उतरते.

ही छुपी उष्णता, जी थर्मामीटरला दिसत नाही, ती पकडली स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने, ग्लासगोत, १७६० च्या आसपास. तेव्हा सगळ्यांचा समज असा की बर्फ शून्यावर आला की थोडीशी उष्णता दिली की झालं, सगळं पाणी. ब्लॅक म्हणाला असं असतं तर डोंगरावरचा बर्फ एका दिवसात वितळून पूर आले असते. त्याने मोजून दाखवलं की बर्फ वितळताना उष्णता आत जात राहते आणि तापमान हलत नाही. थंड देशातल्या माणसाने बर्फाकडे पाहून काढलेली गोष्ट, आणि उपयोग सगळा आपल्याला, एप्रिल ते जून.

हिशोब करून पाहा. मोठा कूलर भर उन्हाळ्यात तासाला दहा लिटर पाणी पितो असं धरा. दहा लिटर म्हणजे २४ हजार किलोजूल तासाला, म्हणजे साडेसहा किलोवॉटच्या वर. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॉट उष्णता काढतो (टन म्हणजे तो बर्फाचाच टन, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जितकी उष्णता घेतो तितकी, नाव तसंच चिकटलं). कूलरचा पंखा आणि मोटर मिळून दोन-अडीचशे वॉट. आमचा कूलरवाला मिस्त्री ताट्या बदलता बदलता म्हणतो, "साहेब, एसी बिल पिते, हे पाणी पिते." याहून चांगलं मला पण सांगता येणार नाही.

पण कूलरला मर्यादा आहे आणि ती ठरलेली आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की तो जिथं उतरून थांबतो ते वेट बल्ब तापमान, त्याच्या खाली कूलर काही केल्या जाऊ शकत नाही. ४५ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वेट बल्ब येतो २३ च्या थोडा वर, चांगल्या ताट्यांचा कूलर २७-२८ ची हवा फेकतो. मस्त. आता जूनचा दुसरा आठवडा घ्या, पाणी पडून राहिलं नाही पण ढग जमून राहिले, ३८ डिग्री, आर्द्रता ५५ टक्के. वेट बल्ब ३० च्या जवळ. कूलर फार तर ३१ ची हवा देईल आणि ती पण ओलीचिंब, अंगावरचा घाम जागचा हलणार नाही. ४५ मध्ये सुखात झोपलेला माणूस ३८ मध्ये तडफडतो आणि म्हणतो कूलर बिघडला. कूलर नाही बिघडला, हवेची पाणी प्यायची जागा भरली. अशा वेळी पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालवा. आणि हो, मागची खिडकी उघडी ठेवा बाबा, दारंखिडक्या लावून कूलर चालवणारे लोक दर वर्षी भेटतात, ओली हवा बाहेरच गेली नाही तर नवीन कोरडी आत येणार कुठून.

पुतणीने विचारलं, काका, मग फ्रिजचं दारच उघडं ठेवलं तर? प्रश्न उत्तम आहे. खोली गरम होईल. फ्रिज आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून त्याच खोलीत फेकतो, आणि वर उचलायची मजुरी म्हणून जी वीज घेतली तीही उष्णता होऊन खोलीतच पडते. ऊर्जा कुठं जात नाही, हा पहिला नियम, १८४० च्या दशकात जूलने खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात पाती फिरवून पाणी किती तापते ते मोजलं होतं, बिअर गाळणाऱ्या घरातला माणूस, थर्मामीटर वापरायची घरचीच सवय. आणि उष्णता आपणहून थंडाकडून गरमाकडे जात नाही, नेऊन सोडायची तर काम करावं लागते, हा दुसरा, १८५० साली जर्मनीच्या क्लॉसियसने मांडलेला.

त्याच्याही आधी, १८२४ मध्ये, सादी कार्नो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने सांगून ठेवलं होतं की उष्णतेतून काम काढायचं तर एक गरम बाजू लागते आणि एक थंड बाजू लागते, आणि किती काम निघेल याची वरची मर्यादा त्या दोन तापमानांवरच ठरते. बिचारा छत्तिसाव्या वर्षी कॉलऱ्याने गेला. त्याचं खरं खोटं पाहायचं तर आपलं कोराडीचं वीज केंद्र आहे. ६६० मेगावॉटचे तीन सुपरक्रिटिकल, म्हणजे फार जास्त दाबाच्या वाफेवर चालणारे, युनिट. वाफ समजा ५४० डिग्रीची आणि थंड बाजू ४० ची, तर कार्नोच्या हिशोबाने आत घातलेल्या उष्णतेतून जास्तीत जास्त ६१ टक्के काम निघेल. प्रत्यक्षात अशा प्लांटला ४० च्या आसपास मिळतात. राहिलेली उष्णता टाकायची कुठं? त्यासाठीच ते अवाढव्य कूलिंग टॉवर, म्हणजे आपला कूलरच, डोंगराएवढा, हवेऐवजी पाणी गार करणारा. तिथंही पाणी उडवूनच काम होतं, आणि पाणी कुठलं तर भांडेवाडीला शुद्ध केलेलं नागपूरचं सांडपाणी. म्हणजे तुमच्या मोरीतलं पाणी कोराडीला जाऊन तुमच्या एसीची वीज बनवायला वाफ होऊन उडून राहिलं. मला तर नागपुरातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते आणि कोणी रील बनवत नाही त्याच्यावर.

आता एसीवरून आठवलं. आमच्या शेजाऱ्यांनी एसी लावला, छान केलं, पण आउटडोअर युनिट लावलं ते दोन बिल्डिंगच्या मधल्या गल्लीत, बरोबर माझ्या कूलरच्या मागच्या ताटीसमोर. म्हणजे त्यांच्या खोलीतली उष्णता अधिक त्यांच्या वीजबिलाची उष्णता, दोन्ही माझ्या कूलरमध्ये. घरात यावर बरीच चर्चा झाली. मी कागद घेऊन बसलो, हवा ४५ ऐवजी ५० ची आली पण तिच्यातलं पाणी तेवढंच राहिलं, तर वेट बल्ब जेमतेम सव्वा डिग्रीने वाढतो, म्हणजे मला मिळणारी हवा २७-२८ ची साडेएकोणतीस होते, पाच डिग्रीतले तीन डिग्री कूलर पचवतो, पाणी तेवढं जास्त पितो. बायकोला हे समजावून सांगितलं तर म्हणाली, वा, मग टाकीत पाणी तूच भरत जा. शेजारीण वहिनींनाही सांगून पाहिलं, त्या म्हणाल्या मिस्त्री आला की हलवून घेऊ. एसीचा मिस्त्री मे महिन्यात भेटते का कुठं.