मोडणारी कांडी

माझ्या पेटीत चार कांड्या आहेत. तीन अखंड लाकडाच्या. चौथीही लाकडाचीच, पण उसासारखी पेरापेरांची. विदूषकी आणि जादू यांवर गेली चाळीस वर्षे माझे घर चालले, आणि त्यात या चौथीचा वाटा फार मोठा आहे. तिच्या सहा पोकळ पेरांतून एक दोरा ओवलेला असतो. मागच्या टोकाची टोपी अंगठ्याने किंचित ओढून धरली की दोरा ताणतो, पेरे एकमेकांना भिडतात आणि कांडी ताठ उभी राहते. दुसऱ्याच्या हाती देताना अंगठा सैल सोडला की ती आमटीतल्या शेवग्याच्या शेंगेसारखी लोंबू लागते. गुपित फोडले म्हणून जादूगार मंडळींनी रागावू नये, कारण हे गुपित जादूच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात विकत मिळते.

बडोद्यात मला दोन नावे आहेत. दांडिया बाजार आणि रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत मी ‘जादूवाले काका’ असतो, तर अलकापुरीतल्या गुजराती वाढदिवसांना ‘जोकर अंकल’. पोशाख मात्र एकच. मे महिन्यातल्या मुंजीच्या दुपारी, पारा चाळिशीपार गेलेला असताना, तोंडावरचा पांढरा रंग टिकवणे हे कबूतर काढण्यापेक्षा अवघड काम आहे. रंगावर पावडर नीट थापली नाही, तर मंगलाष्टके संपण्यापूर्वीच भुवया गालांवर उतरतात. रात्री तो रंग खोबरेल तेलानेच निघतो, आणि त्यामुळे आमच्या उशांचे अभ्रे कायम तेलकट असतात.

विदूषक आपल्याकडे जुना आहे. संस्कृत नाटकात तो राजाचा खादाड मित्र असतो; विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत आपली सर्कस उभी केल्यापासून मराठी माणसाने तो तंबूतही पाहिला. तिथे त्याचे काम साधे पण मोलाचे असते: झोपाळ्यांखालचे जाळे बांधून होईपर्यंत लोकांची नजर धरून ठेवायची. जादूगाराचे घराणे निराळे. ज्याला आधुनिक जादूचा जनक म्हणतात, तो फ्रान्सचा रोबेर-उदँ (१८०५–१८७१) मूळचा घड्याळजी. जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट, असे त्याचे मत होते, आणि त्याचा रुबाब त्या मताला साजेसाच होता.

हे दोन्ही धंदे एकाच अंगात वागवताना खरी अडचण येते ती अशी, की जादूगाराला प्रेक्षकाच्या एक पाऊल पुढे राहावे लागते आणि विदूषकाला एक पाऊल मागे. स्पंजचा लाल चेंडू माझ्या टोपीवर बसलेला असतो, समोरची पन्नास मुले ‘काका, माथा पर छे!’ म्हणून घसा फोडत असतात, आणि मी तो बुटात शोधत असतो. सहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसापेक्षा जास्त कळते असे प्रसंग घरात आणि शाळेत फार थोडे येतात, त्यामुळे तो ओरडण्यात जीव ओततो. चार वर्षांखालच्यांना मात्र जादू दाखवण्यात अर्थ नाही. रुमालातून कबूतर निघाले तर त्यांना नवल वाटत नाही, कारण त्यांच्या लेखी कबूतर कुठूनही निघू शकते. दहा वर्षांचा मुलगा माझ्या हाताकडे न पाहता खिशाकडे पाहतो. त्याला मी लगेच मदतनीस म्हणून पुढे बोलावतो, म्हणजे त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे गुंतून राहतात.

सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. रावपुऱ्यातल्या एका वाढदिवसाला मी ही कांडी एका लाजऱ्या मुलाच्या हातात दिली. ती मोडली, सगळे हसले, आणि मी ‘अरे, काय केलेस हे!’ असे ठरलेले वाक्य म्हटले. मुलगा हसला नाही. लोंबणारी पेरे त्याने ओंजळीत गोळा केली, माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “काका, बाबांना सांगू नका.” टाळ्या त्या दिवशीही पडल्या, पैसेही मिळाले.

त्यानंतर मी ते वाक्य टाकले आणि खेळ उलटा केला. आता कांडी मोडते ती माझ्याच हातात, दर वेळी, आणि मी तिला दटावतो, फुंकर मारतो, तिची समजूत घालतो. मग ती रुमालात गुंडाळून एखाद्या मुलाकडे देतो. रुमाल उघडल्यावर त्याच्या हातात ती सरळ उभी असते, कारण तोवर मी पेटीआड अखंड कांडी पुढे केलेली असते. त्या तीन अखंड कांड्यांचे खरे काम इतकेच आहे. चूक माझी आणि जादू त्याची, ही वाटणी बसायला मला आरशासमोर दोन महिने लागले, कारण अदलाबदलीच्या नेमक्या क्षणी मी स्वतःच्याच बुटाला अडखळायचे असते, आणि खोटे अडखळणे खऱ्यासारखे जमेपर्यंत मी दोनदा खरेच पडलो.

इंग्लंडमध्ये १९४६ च्या सुमारास एका हौशी माणसाने विदूषकांचे चेहरे अंड्यांच्या कवचांवर रंगवून जपायला सुरुवात केली, आणि पुढे एकाचा चेहरा दुसऱ्याने उचलू नये म्हणून ती अंडी नोंदवहीसारखी कामी आली. हे वाचून मलाही माझा चेहरा अंड्यावर काढावासा वाटला होता. आईने अंडे स्वयंपाकघरात येऊ दिले नाही. शेवटी पिशवीतून अंडे काढण्याच्या खेळातले लाकडी अंडे रंगवले. ते देवघराजवळच्या कोनाड्यात आहे आणि त्याला आईची हरकत नव्हती.

कांडीतला दोरा वर्षाकाठी झिजतो. तो मी उत्तरायणाच्या आधी बदलतो, कारण तेव्हा बाजारात पतंगाचा पक्का दोरा मिळतो. काच लावलेला मांजा चालत नाही, तो पेरांच्या कडा कापतो. साधा, न पाजलेला दोरा लागतो. पतंग मात्र मी उडवत नाही, कारण बोट कापले की स्पंजचा चेंडू महिनाभर हातात लपत नाही. काल रात्री नवा दोरा ओवला, टोकाला दुहेरी गाठ मारली, अंगठा सोडून पाहिला. पेरे खळखळत ताटावर पडली. पलीकडे मेथी निवडणाऱ्या सौ.ने मान वर न करता विचारले, “मोडली का नीट?”