कॅनमोर: इंजिनाच्या कोळशाचं गाव

वडील भुसावळच्या लोकोशेडला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे. ड्यूटीहून आले की अंगणात बसून आधी नखांतला कोळसा काढायचे. म्हणून कॅनडात कॅल्गरीला मुलाकडे गेलो आणि तो "बॅन्फचं राष्ट्रीय उद्यान दाखवतो" म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, बॅन्फ नंतर, आधी कॅनमोर.

कॅल्गरीहून गाडीने सव्वा तास. रॉकी पर्वतात, बो नदीकाठी. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे इथून गेली आणि १८८७ मध्ये पहिली खाण सुरू झाली. गिऱ्हाईक मुख्यतः इंजिनंच. डिझेल आलं तशी मागणी आटत गेली, १३ जुलै १९७९ ला शेवटची खाण बंद. आपल्याकडे कोळशाची इंजिनं गेली तेव्हाचं शेड मी पाहिलंय, त्यामुळे पुढचं मला सांगावं लागलं नाही. पण १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या शर्यती इथे झाल्या अन् गावाचं नशीब पालटलं. आज घरांचे भाव ऐकून मुलगासुद्धा गप्प बसला!

गावातून 'थ्री सिस्टर्स' ही तीन शिखरं दिसतात. बाजारपेठ तासाभरात उरकते. खरा वेळ ग्रासी लेक्सना द्या. लॉरेन्स ग्रासी हा इटलीहून आलेला खाणकामगार. इथली पायवाट त्याने स्वतः खपून बांधली. वरची दोन्ही तळी मोरपंखी, तळाचा दगड न् दगड दिसतो. दिवसभर अंधारात बेलचा मारणाऱ्या माणसाला हे पाणी कसं दिसलं असेल, हेच डोक्यात घोळत होतं.

जायला दोन वाटा आहेत. धबधब्याकडची पायऱ्यांची वाट आम्ही हौसेने धरली आणि सौ.चे गुडघे बोलायला लागले. वयस्करांनी रुंद, सोपी वाट घ्यावी. जाऊन-येऊन चारेक किलोमीटर. तिथे गाडी लावायला कननास्किस या संरक्षित भागाचा पास लागतो, तो आधीच ऑनलाइन काढा. बॅन्फचा पास वेगळा, इथे चालत नाही. जून ते सप्टेंबर बरा काळ, तरी स्वेटर हवाच. गाडी नसेल तर कॅनमोर-बॅन्फ 'रोम' (Roam) नावाची सार्वजनिक बस आहे.

डबा घरूनच न्या. आम्ही दशम्या न् शेंगदाण्याची चटणी नेली होती. फक्त अस्वलांमुळे खरकटं टाकायचं नाही, सौ.ने खाली पडलेला चुरासुद्धा वेचून परत डब्यात भरला.