रविवारचं याम चा

हाँगकाँगमध्ये डिमसम, म्हणजे चहासोबतचे छोटे छोटे पदार्थ, खायला बोलवायचं तर ‘याम चा’ म्हणतात. याम चा म्हणजे चहा पिणं. खाणं त्याच्यासोबत येतं. हे मला परवाच्या रविवारी खरं कळलं.

मैत्रीण, तिची आई आणि ऑफिसातले आम्ही तिघं सेंट्रल भागातल्या सिटी हॉलच्या रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. खिडकीबाहेर बंदर, आत टेबलांमधून वाफाळत्या ढकलगाड्या. अशा गाड्या आता मोजक्याच ठिकाणी उरल्यात, बाकीकडे कागदावर खुणा करून मागवतात.

आंटींनी, म्हणजे मैत्रिणीच्या आईनं, आधी सगळ्यांच्या वाट्या आणि चॉपस्टिक्स गरम चहानं विसळून घेतल्या. मग काळपट पू-अर चहा ओतला. आधी आम्हाला, शेवटी स्वतःला. मी दर वेळी थँक्यू म्हणत होते. मैत्रिणीनं मात्र गप्पा न थांबवता दोन बोटं टेबलावर हलकेच टकटक केली. साध्या वेशात फिरणाऱ्या छियेनलुंग बादशहानं नोकराला चहा ओतून दिला. त्याला तिथं नमस्कार घालता येईना, म्हणून त्यानं बोटं वाकवली, अशी दंतकथा आहे. आंटींनी माझी बोटं धरून वाकवून दाखवली.

हार गाऊची, म्हणजे कोळंबी भरलेल्या वाफवलेल्या डिमसमची, बांबूची टोपली उघडली. गव्हाच्या चिकाच्या पिठात उकळतं पाणी घालून त्याची पारी करतात, आपल्या उकडीसारखीच. आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसते. मी एक हार गाऊ उचलून उजेडात धरली आणि कळ्या मोजल्या. नऊ! मोदकाच्या कळ्या पाडताना माझी किती तारांबळ उडते ते मला माहीत आहे. ज्या हातांनी हे केलं त्यांना भेटावंसं वाटलं.

कोंबडीचे पाय मी पहिल्यांदाच खाल्ले. आधी तळून, मग भिजवून, काळ्या आंबवलेल्या सोयाबीनच्या रसात वाफवलेले. कातडी हाडावरून अलगद सुटते. दोन संपवले, तिसराही घेतला.

किटलीतला चहा संपला तसं आंटींनी झाकण तिरकं ठेवलं. कुणी काही न सांगता वेटर गरम पाणी घालून गेला.

मग आंटी हात धुवायला म्हणून उठल्या. त्या परत आल्या तेव्हा टेबलावरचं, घेतलेल्या पदार्थांचे शिक्के मारलेलं कार्ड नव्हतं, बिल भरून झालं होतं. मैत्रीण म्हणाली, हे दर वेळचंच आहे.

पुढच्या रविवारी हात धुवायला मी आधी उठणार आहे.