दोन वाजताची मॅच

"तुम्हाला फुटबॉलचं एवढं वेड कुठून लागलं?" पुण्यात आल्यापासून हा प्रश्न मला कितीजणांनी विचारला असेल. वर्ल्ड कपच्या दिवसांत ऑफिसात, सोसायटीच्या कट्ट्यावर, लेकीला खेळायला सोडायला गेले की ग्राऊंडवर. विचारणाऱ्याच्या मनात एक उत्तर बहुतेक तयार असतं: भाऊ खेळत असणार, नाहीतर नवरा रात्र रात्र जागून मॅच बघणारा असणार. मला भाऊ नाही आणि नवरा क्रिकेटवाला आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी फुटबॉल शिकले कोल्हापुरात, आमच्या सोप्यातल्या, म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या, टीव्हीवर, लोकल केबलला लागणाऱ्या तालमींच्या मॅच बघून. त्यातही दुपारी दोनच्या मॅच बघून.

ज्यांना कोल्हापूरचं फुटबॉल ठाऊक नाही त्यांना आधी थोडं सांगायला हवं. आमच्याकडं पेठेपेठेत तालमी आहेत. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या या तालमींनी पुढं फुटबॉलही आपलंसं केलं. म्हणून आमच्या संघांची नावं ऐकून बाहेरच्या माणसाला ती फुटबॉलची वाटतच नाहीत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल. शिवाय शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची केएसए, लीग घेते. वरिष्ठ गटात सोळा संघ, आणि त्यांच्या खाली आणखी गट. लीग संपली की कुणाच्या ना कुणाच्या नावाचे चषक सुरू होतात, ते ऊन चांगलं तापेपर्यंत चालतात. देशाच्या फुटबॉलच्या शिडीवर ही जिल्ह्याची पायरी. खेळणारी बहुतेक पोरं दिवसा कुठंतरी कामाला असायची. पण मोठ्या मॅचला शाहू स्टेडियम असं भरायचं की उशिरा येणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळायची नाही.

आमचं घर स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर. मॅच थेट लागायची, आणि केबलची वायर तरी कितीशी लांबून यायची! गोल झाला की ओरडा टीव्हीतून आणि खिडकीतून एकदमच यायचा. इतकं जवळ राहूनही शाळा संपेपर्यंत मी एकदाही स्टेडियमच्या आत गेले नाही. पोरींनी जाऊ नये असा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण पोरी जात नव्हत्या. समर्थकांची भांडणं व्हायची, दगड पडायचे, पोलीस लाठ्या घेऊन आत शिरायचे. आई म्हणायची, तिथं तुझं काय काम? माझ्या वर्गातली पोरं सोमवारी शाळेत येऊन मॅच सांगायची, तेव्हा माझ्या पोटात कालवायचं. त्याचा राग मला आजही येतो. ज्या खेळावर आमचं अख्खं गाव जीव टाकत होतं त्याच्या गॅलरीत अर्ध्या गावाला जागा नव्हती, आणि ते कुणाला खटकतही नव्हतं.

म्हणून केबल. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. बहुतेक दिवशी दोन मॅच असायच्या, एक दोन वाजता आणि एक चार वाजता. चारची मॅच मोठ्या तालमींची. तिला आमचा सोपा पुरुषांनी भरायचा. आण्णांचे मित्र, शेजारचे, कुणाचे पाहुणे. मी आणि माझी चुलत बहीण चहाचे कप घेऊन आत-बाहेर करायचो आणि दारातून जेवढं दिसेल तेवढं बघायचो. कितीतरी गोल मी फक्त लोकांच्या पाठी उठताना बघितलेत.

दोनची मॅच मात्र कुणालाच नको असायची. तळाचे दोन संघ, रणरणतं ऊन, गॅलरी ओस. शनिवारी सकाळची शाळा असायची. मी घरी येऊन जेवून टीव्हीपुढं बसेपर्यंत मॅच सुरू झालेली असायची, आणि सोप्यात आम्ही दोघीच. मी आणि आज्जी. त्या दीड-दोन तासांत रिमोट आमच्या हातात असायचा, जमखान आमचा असायचा. चहा करायचाच झाला तर आम्ही तो आमच्यासाठी करायचो.

आज्जी आमच्या घरात शेवटपर्यंत जुनं कोल्हापुरी बोलायची, बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात ते. मॅच लागली की ती चष्मा पुसायची आणि म्हणायची, "मी धाकट्याला हुडकालोय." धाकटा म्हणजे माझा काका. चारच्या मॅचला जागा मिळावी म्हणून तो दोनलाच जाऊन बसायचा. रिकाम्या गॅलरीत माणसं मोजता येतील इतकी विरळ, त्यामुळं तो सापडायचाच. "त्यो बघ. उन्हात बसलाय, डोक्याला रुमालबी न्हाई." मग त्या दिवसाची तिची मॅच झाली. तरी ती उठायची नाही. स्क्रीनच्या खालून एक पट्टी सरकायची, तिच्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा, साड्यांचा सेल, आणि मधेच कुणाचं तरी रक्षाविसर्जन सकाळी किती वाजता ते. आज्जीला वाचता यायचं थोडं, सरकणारं वाचायला जमायचं नाही. ती पट्टी मी तिला वाचून दाखवायची. कॉर्नर घ्यायला कुणीतरी बॉल ठेवतोय आणि मी वाचतेय, अमुक गल्लीतले अमुक यांचं निधन. "अगं आई गं, मागल्या सोमवारी तर भेटल्यात की मला," आज्जी म्हणायची, आणि तेवढ्यात हेड बारवरून जायचा.

कॅमेरा एकच असायचा, पॅव्हेलियनच्या बाजूला उंचावर लावलेला. जवळची साइडलाइन अर्धी दिसायचीच नाही. कुणी बॉल जोरात वर मारला की कॅमेरा त्याच्यामागं आभाळात जायचा आणि तिथंच हरवायचा. पुन्हा मैदानावर येईपर्यंत बॉल भलत्याच ठिकाणी. गोल पुन्हा दाखवण्याची सोय नव्हती. हुकला तो हुकला.

पण मी तुम्हाला मनापासून सांगते, फुटबॉल कळायला त्याच्यासारखा कॅमेरा नाही. तो कुणाच्या चेहऱ्याजवळ जायचाच नाही. लांबून अर्धंअधिक मैदान एका चौकटीत. त्यामुळं बॉल एका बगलेला असताना दुसऱ्या बगलेचा बॅक काय करतोय ते दिसायचं. चारही बॅक एका रेषेत दोन पावलं पुढं सरकले आणि समोरचा फॉरवर्ड मागं एकटाच उरला, की पंचांचा झेंडा वर. मला ऑफसाइड कुणी समजावून सांगितली नाही. मी ती रेष हलताना बघून शिकले. आता टीव्हीवर वीस कॅमेरे असतात आणि खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो, पण बॉल पोचायच्या आधी जागा कुणी मोकळी केली ते बघायला मी चडफडत असते.

आणि आवाज. चारच्या मॅचला फक्त गलका. दोनच्या मॅचला रिकाम्या स्टेडियममधून पोरांची हाक न् हाक ऐकू यायची. "मागं बघ, मागं!" "सोड, माझा हाय!" "आरं दे की!" किपर सगळ्यांत जास्त ओरडायचा. मधेच शेंगा-फुटाणेवाल्याचा आवाज. या सगळ्यावरून मराठी कॉमेंट्री, 'डाव्या बगलेतून खोलवर चढाई', 'गोलरक्षकाने चेंडू तटवला'. ती कॉमेंट्री करणारा माणूस तळाच्या दोन संघांसाठीही घसा तसाच ताणायचा जसा पाटाकडील-खंडोबाला ताणायचा. मोठी झाल्यावर मी इंग्रजी कॉमेंट्री ऐकायला लागले, आता सवयीची झाली, पण डोक्यात मॅच अजून मराठीतच चालते. कुणी विंगवरून सुटला की माझ्या मनात 'डावी बगल'च येतं.

या दोनच्या मॅचमधला एक किपर आमच्या गल्लीच्या तोंडाला सायकल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. एका शनिवारी त्याचा संघ चार गोलनी हरला. रविवारी सकाळी मी पंक्चर काढायला गेले. त्यानं ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरली होती आणि कुठून बुडबुडे येतात ते बघत होता. उजवं कोपर सोलवटलेलं, त्यावर लाल औषध. मी विचारलं, "दादा, तिसऱ्या गोलला तुम्ही पुढं का आला नाहीसा?"

त्याचे हात पाण्यात तसेच थांबले. "तू कुठं बघितलीस मॅच?"

"टीव्हीवर."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी खेळताना कसा दिसतो, मला म्हाईतच न्हाई."

त्याच्या घरी केबल नव्हती. आदल्या दिवसाची मॅच त्या रात्री पुन्हा दाखवणार होते, तसं पट्टीत आलं होतं. मी आण्णांना सांगितलं, आण्णांनी त्याला बोलावलं. तो आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून, हातापायांचं ऑइल घासून घासून काढून आला होता. खुर्ची दिली तरी जमखानावरच बसला, टीव्हीच्या अगदी जवळ. कॅमेरा पहिल्यांदा त्याच्या गोलकडं वळला तेव्हा तो थोडा मागं सरकला. पहिले दोन गोल त्यानं गप्प राहून बघितले. तिसऱ्याला पुढं वाकला. फॉरवर्ड बॉल घेऊन सुटला होता आणि हा बारखाली, दोन मनांत, एक पाय पुढं टाकलेला.

"थांबलो की मी," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून, "बरोबर बोललीस तू. पुढं याला पायजे हुतं."

माझं वय तेव्हा अकरा. इतक्या मोठ्या माणसानं माझं फुटबॉलमधलं म्हणणं पहिल्यांदा मान्य केलं होतं. त्यानंतर मला कुणीही, कितीही मोठ्यानं, "तुला काय कळतंय" म्हणालं तरी ते माझ्या आत शिरलं नाही.

आज्जीनं त्याला वाटीभर चिरमुरे दिले. ती गोल बघतच नव्हती, तो पडताना बघत होती. "लई आपटून घेतलंस रं पोरा."

"लागत न्हाई आज्जी. मऊ असतंय तिथं."

मी त्याच्या कोपराकडं बघितलं. त्यानं बाही खाली ओढली.

पुढं तो दुकान सोडून गेला. काही वर्षांनी दोनची मॅचही माझ्यासाठी मागं पडली, दहावी आली, मग कॉलेज. २००२ चा वर्ल्ड कप जपान-कोरियाला होता, त्यामुळं मॅच आपल्याकडं भरदिवसा लागायच्या. पेठांतून ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागले होते. फायनलला ब्राझीलच्या रोनाल्डोनं जर्मनीला दोन गोल घातले तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजले. मी आनंदात होतेच. पण आज्जी सोप्यात येऊन थोडा वेळ बसली आणि म्हणाली, "ह्यात आपलं कोण न्हाई व्हय?" आणि आत गेली. मी तेव्हा हसले होते. आता नाही हसू येत. आज्जीसाठी टीव्हीतली मॅच म्हणजे ओळखीची माणसं, सुखरूप आहेत का ते बघायची जागा.

२०१७ साली सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप भारतात झाला. भारताच्या संघात अनिकेत जाधव होता, आमच्या कोल्हापूरचा. दिल्लीत अमेरिकेशी पहिली मॅच, तीन-शून्य हरलो. मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बघत होते. आज्जी त्याआधीच गेली होती. कॅमेरा त्याच्याकडं वळला तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, "त्यो बघ." घरात कुणीच नव्हतं.

आता केएसएच्या मॅच मोबाईलवर थेट दिसतात. मी शनिवार-रविवार लावते. फक्त एक गोष्ट बदलली आहे. नेटवरचं चित्र काही सेकंद मागं असतं. आई अजून त्याच घरात राहते, खिडकी अजून त्याच बाजूला. माझ्या स्क्रीनवर बॉल अजून मध्यावर असतो आणि आईचा फोन येतो, "ओरडालेत बघ, झाला वाटतं गोल." मग मी मोबाईलकडं बघत गोल यायची वाट बघते, आई फोनवर तशीच थांबते.

गेल्या वर्षी मी पहिल्यांदा स्टेडियमवर गेले. लेकीला घेऊन, आणि आईलाही ओढून. आता पोरी येतात, फार नाही, पण येतात. मुद्दाम दोनची मॅच निवडली. रिकामी गॅलरी, ऊन, पोरांच्या हाका, सगळं जिथल्या तिथं. तरी पहिली पंधरा मिनिटं मला काही उमगेना. बॉल उजवीकडं जायला हवा तर डावीकडं, किपर भलत्याच टोकाला. मग लक्षात आलं, आम्ही समोरच्या गॅलरीत बसलो होतो. मी सगळ्या मॅच बघितल्या त्या पलीकडून, पॅव्हेलियनकडून.

मी उठले, पिशवी उचलली. आई म्हणाली, "आता कुठं? जागा चांगली हाय की." मी म्हटलं, "चल, तिकडं जाऊया, कॅमेऱ्याच्या बाजूला." लेक पुढं पळाली. आम्ही तिघी मैदानाला वळसा घालून निघालो, आणि आईनं चालता चालता पदर डोक्यावर घेतला आणि लेकीला हाक मारली, "डोक्याला रुमाल बांध गं, ऊन लागंल."